बाभळीची फळी

बाळांनो, जागतिक स्पर्धेतली बायकांची लांब उडी बघायला तुम्ही जाणार आहात, असं काल फोनवर सांगितलंत, म्हणून हे आजच लिहिते. दुष्काळाच्या त्या वर्षी मी घाटनांदूरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. दहावीतली एक मुलगी लांब उडीत जिल्ह्यात पहिली आली होती आणि आठवड्याने तिला विभागाच्या स्पर्धेला जायचं होतं. पण सहकारी साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी घेतात, तिला कोयता म्हणतात. गावातल्या एका मुलाला जोडी हवी होती, म्हणून रविवारी हिचं लग्न लागलं. सोमवारी मजुरांचा ट्रक शाळेपाशी थांबला आणि हळदीच्या अंगानं ती खाली उतरली. "बाई, एकदाच मारू का?" "मार की," मुकादम वरून ओरडला, "पर लई लांब जाऊ नको, कारखाना हिकडं हाय!" सगळे हसले. तिनं साडी वर खोचली, तापल्या मैदानातून धावली, उडी घ्यायच्या बाभळीच्या फळीवर पाय आपटला आणि खड्ड्याच्या पार टोकाला, न उकरलेल्या कडक वाळूत पडली. गुडघे फुटले. "मोजून ठेवा, बाई," म्हणत ती ट्रकमध्ये चढली. उन्हाळ्यात ती टँकरच्या रांगेत भेटली. "किती भरली हुती?" मी आकडा सांगितला. विभागात पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा तो जास्त होता, हे सांगितलं नाही. तिनं घागर पुढं सरकवली. शाळेच्या मैदानात ती फळी अजून आहे.