नामपूरची लाईन आणि डब्यातली भाजी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सातपूरच्या एका कंपनीत होते. कांदा वाळवून परदेशी पाठवणारी कंपनी. तिचं एक खरेदी केंद्र नामपूरला होतं. तिथले संगणक आमच्या संगणकाशी एका तारेने जोडलेले होते आणि त्या तारेच्या टोकाची पेटी दर चार दिवसांनी रुसून बसायची. मग मी ट्रंक कॉल लावायचा, तिथल्या माणसाने बटण फिरवून टेलिफोन मोडेमला जोडायचा, शिट्टी ऐकू आली की मी इथे बसल्या बसल्या पेटी ताळ्यावर आणायची.

पण मोडेमपर्यंत जो पोचेल त्याला खरेदीचे सगळे भाव दिसणार. म्हणून बोलणारी मीच आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याने बटण फिरवायचं नाही, असा साहेबांचा नियम होता. साहेबांनी आधी एक इंग्रजी परवलीचा शब्द दिला होता. आठवड्याभरात तो तिथल्या भिंतीवर खडूने लिहिलेला सापडला.

नामपूरच्या माणसानेच मग तोड काढली. तो तिथला रोजंदारीवरचा मदतनीस, बायको आणि दोन मुली असलेला. फोन ठेवताना मी त्याला त्या दिवशीची डब्यातली भाजी सांगायची. पुढच्या खेपेला तो तीच विचारणार. उत्तर चुकलं तर बटण फिरणार नाही. रजिस्टरात त्यासाठी मी एक रकाना आखला. साहेब हसले, पण त्यांनी सही केली.

माझा डबा वडील करायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आईच्या माघारी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. गिलकी, डांगर, मेथी, पुन्हा गिलकी. चार वर्षं नामपूरच्या त्या माणसाला आमच्या घरातली प्रत्येक भाजी ठाऊक होती. सलग तीन वेळा गिलकी आली तेव्हा, बाबा तुमच्यावर रागावलेत का, असं त्याने विचारलं होतं. त्याला मी कधी पाहिलं नाही. कायम होण्याची तो वाट बघत होता आणि मी साहेबांकडे शब्द टाकीन असं त्याला म्हटलं होतं. टाकलाही होता. बघू, म्हणाले साहेब.

मग नामपूरला थेट डायलिंग आलं आणि मुंबईच्या ऑफिसने नवा मोडेम पाठवला. आपण नंबर फिरवायचा, तो फोन तोडणार आणि त्याच्यात भरून ठेवलेल्या आमच्याच नंबरावर उलट फोन करणार. चोराने कुठूनही फोन लावला तरी घंटा आमच्याच टेबलावर वाजायची. माणूस लागणार नव्हता. तरीही तिथे वीज सारखी जाते, माणूस असू द्या, असं मी लेखी दिलं. साहेब त्याच्या बाजूने झुकले होते. मुंबईहून एकच मागणी आली, की जुन्या पद्धतीचं रजिस्टर पाठवा.

त्याच महिन्यात वडील गेले. कॉलनीतल्या विहारात पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कारण घरात बसवत नव्हतं. नामपूरची लाईन पडलेली होतीच. फोन लावला. आमच्या शिपायाकडून त्याला कळलं असावं. नेहमीचा प्रश्न आला नाही.

"आज ऱ्हाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "मी जोडस."

ठेवताना सवयीने माझ्या तोंडून निघालं, आज डबा नाही. मग मी रजिस्टर ओढलं आणि रकान्यात लिहिलं: प्रश्न विचारला नाही.

गिलकी लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मी खोटं लिहीत नाही, याचा मला भारी माज होता. रडून डोळे सुजलेले, तरी अक्षर वळणदार. आजही ते पान आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. चार वर्षांतली ती एकच नोंद मुंबईने लाल शाईने अधोरेखित केली. माणसावर विसंबता येत नाही, माणूस नको, असा शेरा मारून रजिस्टर परत आलं. साहेबांनी मला तो दाखवला आणि फाईल मिटली. मी मुंबईला दोन पत्रं लिहिली, खरं कारण सांगितलं. उत्तर आलं नाही.

त्या फोननंतर पंधरा दिवस लाईन एकदाही पडली नाही. नवा मोडेम बसवायला माणूस गेला, त्याच दिवशी ती पडली. जुन्या वाटेने शेवटचा फोन मीच लावला. माफी मागायचं ठरवलं होतं, पण त्याने मला बोलूच दिलं नाही. आवाज कोरडा होता, नियमाप्रमाणे.

"मागच्या वेळेस डबामा काय व्हतं, ताई?"

मी मनात भाजी शोधू लागले. मग आठवलं.

"डबा नव्हता," मी म्हटलं.

"बरोबर शे," तो म्हणाला, आणि बटण फिरवलं. कानात शिट्टी वाजायला लागली.

रकान्यात मी लिहिलं: प्रश्न विचारला, उत्तर बरोबर. ते पान कुणी मागितलं नाही.