अक्कांची पाच पावलं

अक्का नसत्या तर माझ्या खिशात आज हे कार्ड नसतं, आणि कदाचित डावा खांदाही जागेवर नसता. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं सांगताना मी घाबरून इकडचं तिकडं करतो, पण एवढं पक्कं आहे.

"पाय दाखव." दुकानात कुणीही मशीन घेऊन आलं की अक्का पहिलं हेच म्हणायच्या. मशीनकडं नंतर बघायच्या. पायात चप्पल दिसली की मान हलवायच्या, "अय्यो, चपलेत झाड तोडालास? देवळात आलास का बे?"

तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत कधी गेला असाल, तर यंत्रमागांचा खडखडाट ऐकला असेल, टेम्पोत टॉवेलचे गठ्ठे चढताना बघितले असतील. त्याच रांगेत एक बारकं दुकान होतं. बाहेर उलट्या क्रेटवर पिकल्या केसांची एक बाई बसलेली, चष्मा सुताच्या दोऱ्याने मानेला बांधलेला, हात सारखे चालू. लांबून वाटावं, बाई गवारी मोडतायत. जवळ गेल्यावर कळायचं, मांडीवर झाडं कापायच्या मशीनची चेन आहे आणि हातात कानस. एकेक दात घासून धार लावायचं काम.

त्याच अक्का. विणकर घरातल्या. उभं आयुष्य मागाच्या कांड्या भरण्यात गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटलेली. मग मशीन दुरुस्ती शिकल्या, चेनसॉ शिकल्या, शिकवायचं सर्टिफिकेट काढलं आणि मागच्या शेडमध्ये प्रशिक्षणाचा वर्ग चालवू लागल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू. हे त्या सगळ्यांना आपणहून सांगायच्या, जणू पदवीच आहे.

मी गडचिरोलीकडचा. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे कशी, तर दुसऱ्याची फाटलेली वही माझी समजून गुरुजींनी सगळ्यांसमोर मला मारलं, आणि "ही माझी नाही" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. पुढं पोटामागं फिरत फिरत सोलापुरात एका ठेकेदाराकडं लागलो. विजेच्या तारांखालच्या फांद्या, प्लॉटवरची झाडं, असं काम. कापणारे दुसरे, मी फांद्या ओढणारा. एक दिवस कापणारा आला नाही, तेव्हा ठेकेदाराने मशीन माझ्या हातात दिली. "जंगलातला हायस की, चालव."

चालवली. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक आतल्या फांदीला लागलं आणि मशीन अशी उसळली की डोळ्यांपुढं नुसता निळा धूर. चेन बोथट झाली म्हणून ती घेऊन मी अक्कांच्या दुकानात गेलो. त्यांनी पाय बघितले, मग माझ्या खांद्यावरचा गमछा ओढून घेतला. त्याला वीतभर चीर होती.

"हे कशानं?"

"खिळ्याला अडकला जी."

"खिळा असा दात लावून फाडत न्हाय. आयुष्य घालवलंय मी सुतात." गमछा त्यांनी परत दिला नाही. "मानेपासनं किती बोटं होता?"

मी मानेला बोटं लावून मोजली. 

दुसऱ्या दिवशी ठेकेदार मशीन न्यायला आला. अक्का म्हणाल्या, "मशीन ने. माणूस दहा दिवस हितं ठेव. शिकून, परीक्षा देऊन मशीन चालवायचं कार्ड घेऊन येईल."

"अक्का, ह्यो जंगलातनं आलाय. ह्याला काय झाड शिकवता?"

"तू जन्मापासनं बोलालास, तुला कुठं बोलायला येतंय?"

ठेकेदार हसला, पण अट घालून गेला. नव्या कामाला कार्डवाला माणूसच लागणार होता. "पास झाला तर मशीन ह्याची. नापास झाला तर फांद्या ओढायला बी नगं. गावाकडं जाऊ दे." 

पहिले तीन दिवस अक्कांनी मशीन हातातच दिली नाही. खराट्याचा दांडा दिला. शेडच्या मागं एक लोखंडी खांब होता, तो झाड. कापल्यासारखं करायचं आणि तिरकं मागं सरायचं, पाच पावलं. अक्का तेलुगूत मोजायच्या, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू!" शेजारच्या कारखान्यातली पोरं डबा खाता खाता बघायची. "अक्का, खांब कधी पडायचा?" असं विचारायची.

आमच्याकडं कुऱ्हाडीने झाड पाडतात तेव्हा पाडणारा बुंध्याशीच उभा राहून बघतो. ती ऐट असते. मीही खांबाशी उभा राहायचो. अक्का ओरडायच्या, "पडताना बघायला तिकीट काढलंयस का? आधी पळायची वाट, मग झाड!"

"हाव जी."

"हाव जी, हाव जी! मानेला स्प्रिंग बसवलीय व्हय?"

एक दिवस त्यांनी मला जाड पँट घालायला लावली. मी म्हणालो, उकडतं. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उठल्या. कारखान्यातलं टाकाऊ सूत आणलं, ओंडक्यावर जाड थर देऊन बांधलं आणि चालू मशीन त्यावर टेकवली. घर्र झालं आणि मशीन बंद! चेनमध्ये सूत असं गुंतलं की दात दिसेनात.

"बघ. एवढ्या सुतानं माज उतरला. तुझ्या पँटीच्या आत असलेच धागे हायत, पण तपासलेले, शिक्क्याचे. आता शहाणपणा करून हे सूत पायाला गुंडाळशील तर तंगडी घेऊन माझ्याकडं येऊ नको." मग अर्धा तास त्या चेनमधलं सूत काढत बसल्या आणि प्रत्येक धाग्यामागं मला एक शिवी दिली. तेलुगूत दिली, म्हणून मी मनाला लावून घेतली नाही.

मला खरी भीती लेखी परीक्षेची. प्रश्न टॅबवर येणार होते. मला वाचता येतं, पण अक्षरं लावेपर्यंत वेळ जातो. अक्का म्हणाल्या, "वाचून दाखवा म्हण. तशी सोय असती. मागायची लाज वाटली तर मला आठव. मी बी मागितलं होतं." मी मागितलं. एका बाईंनी वाचून दाखवलं. बिजागरी म्हणजे काय, असा प्रश्न आला. झाड पडताना बुंध्यात जी पट्टी न कापता ठेवायची, ज्याच्यावर झाड दारासारखं वळतं, ती. हे तर मला झोपेत विचारा!

दुपारी झाड पाडून दाखवायचं होतं. मोकळ्या प्लॉटच्या कडेला एक वाळलेली सुबाभूळ. परीक्षक बाहेरगावचे होते, कडक इस्त्रीचे, हातात कागदाचं पॅड. अक्का कुंपणाजवळ. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, आणि ती शिक्षा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी झाडाभोवती फिरलो. वर वाळक्या फांद्या बघितल्या. कोयत्याने मागची वाट साफ केली. ज्या बाजूला पाडायचं तिकडं जमिनीवर रेघ ओढून दाखवली आणि खाच घेतली. मागचा काप घ्यायला वळलो आणि सवयीने मागं बघितलं, तर परीक्षक माझ्या साफ केलेल्या वाटेवर उभे. बरोबर मूडूच्या, तिसऱ्या पावलाच्या जागी. खाली मान घालून लिहीत होते.

मी अक्कांकडं बघितलं. त्या आभाळाकडं बघत होत्या.

खरं सांगतो. साहेब माणसाला मी आयुष्यात कधी "सरका" म्हटलेलं नाही. वाटलं, कापून टाकावं, झाड तर पुढंच पडणार आहे. ते चिडले तर नापास, नापास झालो तर गाव. हात मशीनच्या घोड्यावर, म्हणजे खटक्यावर होता. मग मी मशीन बंद केली.

"साहेब, बाजूला व्हा जी."

"काय?"

"तुम्ही माझ्या पळायच्या वाटेवर उभे आहात. तुम्ही हलल्याशिवाय मी झाड पाडणार नाही."

दुसरं वाक्य कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही. मागं परीक्षेला नंबर लावून बसलेली पोरं उठून उभी राहिली. परीक्षकांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं, कापलेल्या गवताकडं बघितलं, पॅडवर काहीतरी लिहिलं आणि पार कुंपणापर्यंत गेले.

मशीन चालू केली. मागचा काप, बिजागरी राखून. पाचर मारली. सुबाभूळ करकरली, आणि मी निघालो. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. पाचव्याला उभा राहिलो तेव्हा झाड मी दाखवलेल्या रेघेवर आडवं झालेलं होतं आणि धूळ खाली बसत होती. पोरांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. अक्का टाळी वाजवत नव्हत्या. चष्मा पुसत होत्या.

"साहेब मुद्दाम उभे होते का जी?" मी नंतर विचारलं.

"मला काय म्हाईत? चुकून असंल, मुद्दाम असंल. झाडाला ते कळत न्हाय."

कार्ड आलं तेव्हा अक्कांनी ते पदराने पुसलं, नाकाजवळ धरलं आणि एकेक अक्षर लावत माझं नाव वाचलं. माझं, माझ्या बापाचं, आडनाव. मग पुन्हा एकदा वाचलं, या वेळी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. ठेकेदाराला म्हणाल्या, "आता ह्याला ओढायला लावलंस तर तुझी मशीन मी दुरुस्त करणार न्हाय." त्या आठवड्यापासून मशीन माझी. आता माझ्या हाताखाली दोघं आहेत, आणि दोघांचे बूट मी रोज बघतो.

गुडघे धरले म्हणून अक्का भिवंडीला लेकीकडं गेल्या. दुकानात आता पाण्याच्या मोटारी मिळतात. निघायच्या दिवशी सामान बांधता बांधता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं खरंच लई मोठी झाडं असत्यात का रे? मी आपली निंब, बाभळ, सुबाभूळ. मोठं झाड कधी बघितलंच न्हाय की."

"दोघांनी हात धरून बुंध्याला कवळ घातली तरी मिटत नाही, अक्का."

"खोटं."

त्यांना वाटतं मी फुशारकी मारली. म्हणून इथं लिहून ठेवतो. एक दिवस भिवंडीहून अक्कांना घेऊन मी माझ्या गावी जाणार आहे. रेल्वे, मग एसटी, आणि शेवटी गुडघ्यांसाठी बैलगाडी. गावाच्या वरच्या अंगाला ऐनाचं जुनं झाड आहे. मशीन सोलापुरातच राहील. ऐनाला अक्का एका बाजूने हात घालतील आणि मी दुसऱ्या बाजूने, आणि आमची बोटं काही एकमेकांना लागणार नाहीत.