मुकले या शब्दाचा अर्थ

जयवंतराव छत्तीस वर्षे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते पत्नी कुसुमावती यांच्यासह गुजरातेतील एका शहराच्या समा भागात राहू लागले आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच झाले. मंडळीत निम्मे लोक मराठी, निम्मे गुजराती. जयवंतरावांना दोन्ही भाषा सारख्याच येत. याचा त्यांना मोठा अभिमान होता.

कुसुमावतींना चारचौघांत बोलणे जमत नसे. प्रार्थनासुद्धा त्या अशी करीत की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये. परंतु मंडळीत ज्या ज्या बालकाचा बाप्तिस्मा होई, त्याच्या अंगावर त्यांनी शिवलेले पांढरे झबले असे. रावपुऱ्यातील कापडवाल्यांकडून त्या उरलेले तुकडे मागून आणीत आणि माहेराहून आलेल्या शिवणयंत्रावर शिवीत. मूल डॉक्टरचे असो की रिक्षावाल्याचे, झबले एकाच तऱ्हेचे. पाळकसाहेबांना त्यांची एकच विनंती असे, "माझं नाव घेऊ नका."

कापणीच्या सणाला मंडळीतील कुटुंबे धान्य, फळे, कोंबड्या, घरातील वस्तू देवाला अर्पण करीत. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. जयवंतराव दरवर्षी एक भोपळा नेत. एका वर्षी सणाच्या आदल्या आठवड्यात दुसरे पंच जयसिंगराव सर्वांदेखत म्हणाले, "काय जयवंतराव, यंदाही भोपळाच का? शाळेत मिळायचा तोच देवाला देता की काय!"

सगळे हसले. जयवंतरावही हसले, पण शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. त्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला की, जे देताना काळीज तुटते तेच खरे अर्पण. जयवंतरावांनी घरातील वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे आणल्या. काळीज तुटावे अशी वस्तू एकच होती. ते काळीज आपले नव्हे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही.

सणाच्या दिवशी कुसुमावती फुले मांडण्यासाठी पहाटेच गेल्या होत्या. मागाहून जयवंतरावांनी शिवणयंत्र रिक्षात घातले आणि वेदीपुढे नेऊन ठेवले. कुसुमावतींना ते उपासनेच्या वेळी दिसले. शेजारी बसलेल्या नयनाबेनने कौतुकाने विचारले, "कुसुमबेन, आ मशीन तमारुं?"

"माझंच," कुसुमावती म्हणाल्या. "मुकले मी त्याला."

गुजरातीत मूकवुं म्हणजे ठेवणे. नयनाबेनला वाटले, बाईंनी स्वतःच्या हाताने यंत्र देवापुढे ठेवले. ती आनंदाने उभी राहिली आणि म्हणाली, "कुसुमबेने पोते मूक्युं छे!" म्हणजे, स्वतः ठेवले आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. जयसिंगरावांनीही मान खाली घालून टाळी वाजवली. कुसुमावतींनी पतीकडे पाहिले. मुकले म्हणजे काय आणि मूक्युं म्हणजे काय, हे त्या सभेत जयवंतरावांइतके कोणाला ठाऊक होते? ते एक वाक्य बोलले असते तर यंत्र तेथूनच घरी परत आले असते. पण जयवंतरावही टाळ्या वाजवू लागले.

यंत्र लिलावात आणंदहून आलेल्या एका पाहुण्या कुटुंबाने घेतले आणि त्याच दिवशी नेले.

घरी कुसुमावतींनी भांडण काढले नाही. पुढचा बाप्तिस्मा आला तेव्हा त्यांनी झबले हाताने शिवले. त्याच्या पुढचेही शिवले. नजर आधीच अधू होती. तिसऱ्या झबल्याला बोटातील रक्ताचा डाग लागला. तो धुऊन निघेना, तेव्हा त्यांनी ते दिले नाही. त्यानंतर मुले बाजारातील कपड्यांत येऊ लागली. झबली का थांबली, हे कोणी विचारले नाही, कारण ती कोण देत होते हेच पाळकसाहेबांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

जयवंतराव रोज ठरवीत की आज बोलावे. असे ठरविण्यात चार वर्षे गेली. अखेर गेल्या वर्षी त्यांनी नवे यंत्र आणून उजेडासाठी खिडकीपाशी मांडले. कुसुमावतींनी त्यावरून हात फिरविला, दोरा घेतला, सुईचे नेढे बोटाने चाचपले. दोरा काही केल्या ओवला जाईना. जयवंतरावांनी तो ओवून दिला, तरी शिवण कापडावरून भलतीकडेच गेली.

मग ते त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कळलं होतं. कळूनही मी गप्प राहिलो. मला क्षमा कर."

"तुम्हाला कळलं होतं, हे मला ठाऊक होतं," कुसुमावती म्हणाल्या. "क्षमा तर मी त्याच दिवशी केली हो. देवासमोर बसून मनात आकस कसा ठेवू?" त्यांनी कापड यंत्राखालून ओढून काढले आणि त्याची घडी घातली. "पण तेवढी मुलं झबल्याविनाच राहिली ना."

 जयवंतराव उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.