दगडी गाळ्यातली पिल्लं

तळोद्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी रुजू झालो तेव्हा मला पंचविशीही लागली नव्हती. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. मुंबईला शिकून आलो होतो आणि बैल, म्हैस, घोडा या तिघांबद्दल आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. डुकरावर आमच्या पुस्तकात मोजून दोन पानं होती. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून ती मी वाचलीसुद्धा नव्हती.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि अंगणात जनावर अडकवायचा लाकडी खोडा. कंपाउंडर तिथलाच, वयानं माझ्या दुप्पट. सबंध दिवसात माझ्याशी तो बोलायचा त्याच्या दसपट बैलांशी बोलायचा.

एका सकाळी कुंपणाबाहेर एक बाई उभी दिसली. साठीकडे झुकलेली, काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. मी दोन बैल तपासले, एका घोड्याच्या टापेतला खडा काढला, तरी ती तिथंच. आत येईना आणि जाईनाही.

"वडारवस्तीमधली शे," कंपाउंडर हळूच म्हणाला. "डुकरंवाली. उभी ऱ्हाई ऱ्हाई निंघी जाई."

मी पायरीपर्यंत गेलो. आज कबूल करायला हरकत नाही, पायरीच्या खाली मी उतरलो नाही. तिथूनच काय काम आहे म्हणून विचारलं.

"हाऊ दवाखाना बैलंनाच शे का?" तिनं विचारलं.

"नाही, सगळ्या जनावरांचा आहे."

"मंग डुक्कर जनावर नही का?"

कंपाउंडर दुसरीकडे बघू लागला. मी पायरी उतरलो.

तिची अडचण आजाराची नव्हती. वस्ती गावाबाहेर मैलभरावर. घरात ती लोकं आपली वेगळी भाषा बोलायची, गावाशी अहिराणी. पुरुष दगड फोडायचे, घडवायचे. बायका डुकरं सांभाळायच्या. वस्तीला लागूनच एका गुजराती बोलणाऱ्या शेतकऱ्याचं भुईमुगाचं, रताळ्यांचं आणि केळीचं रान होतं. डुकरांनी त्याचा भुईमूग दोनदा उकरला होता. तिसऱ्यांदा रानात दिसली तर बंदूक काढीन, असं त्यानं वस्तीत येऊन सांगितलं होतं. दोरीनं बांधून बघितलं, तर एका डुकरिणीनं धडपडून स्वतःलाच फास लावून घेतला.

"बांधीसन ठेवाले काय करो, ते सांगा," ती म्हणाली. "तुम्ही शिकेल शेतस."

त्या दुपारी मी ती दोन पानं वाचली. त्यात विलायतेतल्या डुकरांच्या घराचं एक चित्र होतं. कमरेएवढ्या दगडी भिंती, प्रत्येक डुकरिणीला वेगळा गाळा, खाली घडीव दगडाची उतरती फरशी, घाण वाहून जायला नाली. संध्याकाळी ते पुस्तक घेऊन मी वस्तीत गेलो. बायकापुरुष चित्राभोवती जमले. तिच्या थोरल्या मुलानं चित्रातल्या फरशीवर बोट ठेवलं आणि तो हसला. "दगड? दगडना आम्हना जोडे काय तोटा?"

पुढचा सव्वा महिना ती माणसं दिवसभर लोकांचे दगड फोडून येऊन सांजेला आपल्या डुकरांची घरं बांधत होती. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही. फरशीचे सांधे इतके घट्ट की त्यात नख जाऊ नये. नऊ गाळे झाले. शेवटच्या गाळ्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि थोरला मुलगा धडगावच्या घाटरस्त्याच्या कामावर गेला, म्हणून तिथली फरशी तेवढी राहून गेली. मी खूश होतो. वरिष्ठांना मी तीन पानी अहवाल पाठवला. त्यावर शाबासकीचा शेरा आला. तो बायकोला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "छान झालं. पण मागच्या दारानं या, आणि आधी आंघोळ करा."

डुकरिणी व्यायच्या होत्या. म्हातारी दिवस मोजत होती. चौथी पुनव यायच्या आत व्यातात, असा तिचा हिशेब, आणि तो चुकला नाही. आठ-दहा दिवसांत पाच डुकरिणी व्यायल्या. एकेकीला आठ-नऊ पिल्लं, काळीभोर, तुकतुकीत. रान नाही, कुत्री नाहीत, कोल्हा नाही. एकही पिल्लू दगावलं नाही. मी रोज जायला लागलो होतो. प्रत्येक पिल्लू आपलं एकच थान धरून ठेवतं, दुसऱ्याच्या थानाला तोंड लावत नाही, हे तिनं मला दाखवलं. माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं मरायला लागली.

आधी मेली ती सगळ्यात गुबगुबीत. सकाळी दूध पिऊन पळत होतं ते दुपारी आडवं. बाकीची सुस्तावली. चार पावलं चालली की कुशी भात्यासारख्या हलायच्या. मी तोंड उघडून पाहिलं, तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. एक मेलेलं पिल्लू दवाखान्यात आणून फाडलं. रक्त कुंकू कालवलेल्या पाण्यासारखं पातळ. काळीज फुगलेलं. याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. जंत असतील म्हणून जंताचं औषध दिलं. त्यानं आणखी दोन मेली.

एका तरुणानं पहार आणून गाळ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि गाळे पाडायचे का, म्हणून तो म्हातारीकडे बघत उभा राहिला. तिनं नको म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुम्ही सांगं, आम्ही करं. आते पुढे काय करानं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. सरकारी नोकरीत लागल्यापासून हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. "मुंबईला माझ्या गुरुजींना विचारतो. उत्तर यायला दिवस लागतील."

"विचारा," ती म्हणाली. "तवलोंग मी बी देखस."

मी पत्र टाकलं. नंतरचे दिवस वाईट गेले. वस्तीत जायला पाय उचलेना. दवाखान्यात बैल येत होते, मी त्यांच्या खांद्यांना मलम लावत होतो आणि डोळ्यांपुढे ती फरशी येत होती. राजीनामा लिहून गावी जावं, असंही एकदा मनात आलं. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती उरलीत?"

आठवड्यानं म्हातारी आली. या वेळी कुंपणाबाहेर थांबली नाही. तरातरा अंगण ओलांडून पडवीत चढली, कंपाउंडर बघत राहिला. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी वळवळत होतं. तिनं एक पिल्लू काढून माझ्या टेबलावर, थेट रजिस्टरावर ठेवलं.

"यानं तोंड देखा."

हिरड्या गुलाबी होत्या. पिल्लू माझं बोट चावत होतं.

"हे कुठलं?"

"नववा गाळामधलं. जठे फरशी नही."

तिथली आठच्या आठ पिल्लं धडधाकट होती. ती दोन दिवस त्या गाळ्याच्या भिंतीवर बसून राहिली होती. पिल्लं दिवसभर जमीन हुंगतात, नाकानं उकरतात आणि उकरलेली माती चघळतात, हे तिनं पाहिलं. मग ती डोंगराच्या पायथ्याला गेली, तांबड्या मातीची टोपली भरून आणली आणि दुसऱ्या एका गाळ्यात ओतली. आजारी पिल्लं आधी नुसती तिच्यात पडून राहिली. दुसऱ्या दिवशी चाटायला लागली. पाचव्या दिवशी त्यांतली दोन पळाली.

"पिल्लं माती खातस," ती म्हणाली. "आपुन माती झाकी टाकी."

'तुम्ही झाकली' असं ती म्हणाली नाही. तो 'आपुन' मला अजून ऐकू येतो.

मी तसाच तिच्याबरोबर निघालो. त्या संध्याकाळी आम्ही, म्हणजे मी, कंपाउंडर आणि वस्तीतल्या बायका, सगळ्या गाळ्यांमध्ये तांबडी माती टाकली. कंपाउंडरनं सदरा काढून खांबाला अडकवला होता. टोपली भरताना तो मातीशी बोलत होता.

गुरुजींचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. परदेशात दगडी आणि सिमेंटच्या फरशीवर वाढवलेल्या पिल्लांना हाच रोग होतो, असं त्यांनी लिहिलं होतं. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. पिल्लू ते मातीतून मिळवतं. स्वच्छ जागेतली माती द्यावी आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पाण्यात विरघळवून आईच्या थानांना लावावं.

मी पत्र वाचून दाखवलं. लोह म्हणजे काय, हे सांगताना तिच्या मुलाची छिन्नी हातात घेतली. ती म्हणाली, "म्हंजे मातीमा लोखंड शे?" आणि चिमूटभर माती तळहातावर घेऊन बराच वेळ निरखत राहिली.

हिराकस तळोद्यात कुठं मिळणार, तर रंगाऱ्याकडे. काळ्या रंगासाठी ते लागतं. बाजारात एक वयस्क मुसलमान रंगारी होते, त्यांच्याकडे गेलो. कोणत्या जनावराला हवं, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते कागदात पुडी बांधत म्हणाले, "जान छोटी हो या बड़ी, बचनी चाहिए. ले जाओ." उरलेली पिल्लं वाचली. पाच डुकरिणींच्या चाळीसेक पिल्लांपैकी चौदा गेली होती. ती माझ्या नावावर आहेत.

मी वरिष्ठांना दुसरा अहवाल लिहिला. पहिल्यात काय चुकलं आणि ते कोणी दुरुस्त केलं, हे सरळ लिहिलं. त्यावर कसलाच शेरा आला नाही.

पण मोसम बदलला तशी एक गोष्ट झाली. शेजारचा तो शेतकरी एके दिवशी गाळ्यांपाशी येऊन उभा राहिला. सहा महिने त्याच्या रानात एकही डुक्कर गेलं नव्हतं. तो नालीच्या टोकाला साचलेल्या खताच्या ढिगाकडे बघत होता.

"डाक्टर, हे खत केळीला चालेल का?" त्यानं मलाच विचारलं, म्हातारी चार हातांवर असताना.

"आजींना विचारा," मी म्हणालो. "खत त्यांचं आहे."

त्याला ते जड गेलं, दिसत होतं. तरी त्यानं विचारलं. म्हातारी म्हणाली, गाडी धाड, भरी ली जा, पण रताळ्याचे वेल काढशील ते फेकू नको, इकडे टाक. त्या वर्षापासून त्याची गाडी खत घेऊन जायची आणि वेल, केळीचे बुंधे घेऊन यायची. बंदुकीचं नाव पुन्हा निघालं नाही.

एवढं झाल्यावर मी डुकरं खरोखर बघायला लागलो. वस्तीतली पिल्लं वर्षागणिक लहान होत चालली आहेत, हे तिनंच मला सांगितलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. साऱ्या वस्तीत नर एकच, सात वर्षांचा. त्याच्या लेकी आणि नातीही त्याच्याकडूनच गाभण राहत होत्या. हे मात्र मला शिकवलं होतं. मी म्हणालो, बाहेरचा नर आणायला हवा. ती म्हणाली, खापर गावाला तिच्या बहिणीच्या वस्तीत चांगला नर आहे, पण त्यांची पिल्लंही मरतात. मग आधी तिथं जाऊन येऊ, असं ठरलं.

बैलगाडीत पुढे कंपाउंडर, मागे मी आणि ती. बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तीन माणसांची. घेताना मी तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "त्या उपाशी जातील का?"

खापरच्या वस्तीत आमच्याभोवती माणसं गोळा झाली. सरकारी डॉक्टर आला म्हणून मला खाट टाकली. मी खाटेवर तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, सरळ डुकरांत शिरली. एकेक डुकरीण तिनं आडवी पाडून घेतली आणि थानं मोजली. बारा असतील तर ठेवा, चौदा असतील तर तिच्या लेकीही ठेवा, पिल्लांवर लोळणारी असेल ती ठेवू नका. पिल्लांच्या हिरड्या बघितल्या. बहिणीच्या सुनेनं विचारलं, "हाई तू कथाइन शिकनी?"

"तळोदाना दवाखानामा," ती म्हणाली.

मला हसू आलं. मी पिशवीतून हिराकसाची पुडी काढली, पाण्याचं मडकं मागितलं आणि किती पाण्यात किती घालायचं, ते त्या सुनेला करून दाखवू लागलो. म्हातारी तिकडे मोठ्यानं ओरडून सांगत होती की कोवळ्या पिल्लांच्या गोठ्यात गावच्या उकिरड्याची माती आणू नका, डोंगराची आणा. दोन बायका टोपल्या घेऊन निघाल्यासुद्धा.

येताना गाडीत नर डुक्कर होता. त्यानं वाटेत दोनदा उडी मारली. शेवटी कंपाउंडर त्याची दोरी धरून, त्याच्याशी अहिराणीत वाद घालत, गाडीमागून तळोद्यापर्यंत चालत आला.