मालू नाखवाने तोंड उघडलं

मालू नाखवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कॅज्युअल्टीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि मला वाटलं, ही पोरगी दुपारपर्यंत चक्कर येऊन पडणार. वाळकी, सावळी, अंगात ढगळा ॲप्रन. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी, वासंती सिस्टर, ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची इन्चार्ज होते. डोंबिवलीहून रोज यायचे, आणि माझ्या तोंडी लागायची भल्याभल्यांची टाप नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक अजब पद्धत होती. हाऊस पोस्टच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या जागेच्या, मुलाखतीला आलेल्या डॉक्टरांनी आदला अख्खा दिवस कॅज्युअल्टीत काढायचा. ड्यूटी डॉक्टरच्या मागे फिरायचं आणि नुसतं बघायचं. पेशंटला हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी आमचे मोठे सर्जन, कारखानीस सर, एकच प्रश्न विचारणार, "काल काय बघितलंस?" मध्ये जो बोलला तो बाद. सर म्हणायचे, आधी बघायला शिका, मग अक्कल पाजळा.

त्या वर्षी सर्जरीची एकच जागा आणि उमेदवार तिघं. दोघे मुलगे इस्त्रीच्या कपड्यांत, आणि ही मालू. बाळकुमच्या कोळ्यांची. बाप भिवाजी खाडीत जाळं टाकायचा, आई मासळी विकायची, आणि ही म्हणे सर्जन होणार! आधी दोन ठिकाणी तिला तोंडावर सांगितलेलं, "बाई, तुम्ही आपली बाळंतपणं करा."

"इथे नाही झालं तर माझी सर्जरी संपली, सिस्टर," चहा घेताना ती मला म्हणाली. "म्हणून ओठ शिवून उभी आहे."

मला ती तिथेच आवडली. पण मी तसं दाखवणाऱ्यातली नाही.

जेवणाच्या सुमारास रिक्षावाल्याने एका बाईला आत आणलं. चंद्रभागा नाव. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजारात चाललेली, टेम्पोने उडवलं. अर्धवट शुद्धीत, कण्हत होती. ड्यूटीवर डॉक्टर मधु देशमुख. अमरावतीकडचा, हुशार मुलगा, पण खाडी त्याने पुलावरूनच पाहिलेली. त्याने भराभर तपासलं. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, उजवा हात पार मोकळा.

"बघा, उजव्या हातातल्या सगळ्या फुटून गेल्या," मधु म्हणाला. "उजव्या अंगावर आपटली आहे. सिस्टर, उजव्या हाताचा आणि छातीच्या उजव्या बाजूचा एक्स-रे." नाडी पळत होती, ती बाई घाबरल्यामुळे असेल असं त्याने धरलं.

मला पटलं. का नाही पटणार? मी आठवड्यातून दोनदा कोळणीशी घासाघीस करत होते, पण तिच्या हाताकडे कोण बघतंय! माझं सगळं लक्ष पापलेटाच्या डोळ्यांकडे.

स्ट्रेचर हलणार, एवढ्यात मागून आवाज आला. "सर, थांबा."

अगं बाई! मी वळून डोळे वटारले. दोघे मुलगे एकमेकांकडे बघून हसले. त्यांच्यापुरता निकाल लागला होता.

"उजव्या हातात बांगड्या नव्हत्याच," मालू म्हणाली. "आमच्यात लग्नात उजव्या हाताचा चुडा दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तो हात जन्मभर मोकळाच असतो. डावा बघा ना, सर. फुटल्यात त्या डाव्या हातातल्याच काही. ताज्या काचा रुतल्यात."

"तुम्हाला बोलायची परवानगी आहे का?" मधु कडाडला.

मालू सरळ चंद्रभागेच्या कानाशी वाकली. "आये, कंच्या अंगावर परलीस गो?"

इतका वेळ नुसती कण्हणारी बाई आपली बोली ऐकून बोलली. "डावे अंगाव... खांदा दुखतंय गो."

मालूने तिचा डावा खांदा दाबून पाहिला, हलवून पाहिला. बाईला काही फरक पडला नाही. मग पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला, तशी ती किंचाळली. "सर, खांद्याला मार नाहीये. प्लीहा फुटलीय, पोटात रक्त साठतंय, त्याची कळ खांद्यात येतेय. एक्स-रेत वेळ घालवला तर जाईल ती."

मधुचा चेहरा उतरला. पण पोरगा खरा डॉक्टर, मानापमान धरून बसला नाही. पुन्हा प्रेशर घेतलं, ते खाली आलेलं. त्याने धावत जाऊन कारखानीस सरांना आणलं. पोट उघडलं तेव्हा आत रक्तच रक्त. प्लीहा काढली आणि चंद्रभागा वाचली.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला साक्षीदार म्हणून मला आणि मधुला आत बसवलं. एक ट्रस्टी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. या बाई बोलल्या, पेशंटला हातही लावला. बाद."

"ती बोलली नसती तर माझ्या हातून पेशंट गेली असती," मधु म्हणाला. सगळ्यांसमोर, स्पष्ट. त्या क्षणी मी त्याचे मागचे सगळे गुन्हे माफ केले.

कारखानीस सरांनी मालूकडे पाहिलं. "उद्या पुन्हा असा पेशंट आला आणि मी स्वतः तुला गप्प बस म्हणालो, तर?"

माझा जीव टांगणीला. म्हण ना बाई, चुकलं म्हण, हात जोड, आणि घे जागा!

"तर तुमच्यासमोरही बोलेन, सर," मालू म्हणाली. "ही जागा नाही मिळाली तरी चालेल."

सर खुर्चीतून उठले. ट्रस्टींना म्हणाले, "बाकीच्या दोघांना चहा द्या आणि घरी पाठवा. आणि ही उमेदवारांना गप्प बसवायची पद्धत आजपासून बंद." मग हिच्याकडे वळले. "कपडे बदल. दोन वाजता हर्निया आहे. तू असिस्ट करणार."

इतका वेळ ताठ उभी असलेली ती पोरगी बाहेर येऊन बाकावर बसली आणि भोकाड पसरून रडली. "रडतेस काय, मेले?" मी ओरडले. "दोन वाजायला आले, तोंड धू!" आणि पदराने माझेच डोळे पुसले.

त्या हर्नियाचे शेवटचे टाके सरांनी तिला घालू दिले. घालून झाल्यावर सर वाकले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "ठीक." हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला आमच्याकडे लोकांची हाऊसमनशिप सरून जायची. भिवाजी कोळ्याच्या लेकीने तो पहिल्याच दिवशी ऐकला.