सगळे फोटो असलेला डबा

घरातली एखादी वस्तू बिघडली की ती लगेच दुरुस्त करू नये, असं माझं मत झालंय. चालती वस्तू मुकाट्यानं काम करते. बिघडलेल्या वस्तूभोवती माणसं खुर्च्या ओढून बसतात, चहा होतो आणि बघता बघता किस्से साचतात. आमच्या बैठकीत राउटरशेजारी असाच एक काळा डबा आहे. आत दोन हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ वायफायवरून त्यात जमा होतात. डबा चांगला चालायचा तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

* * *

एका रविवारी पोहे-जलेबी खाता खाता माझ्या बायकोनं, मंजूनं, लॅपटॉप उघडला. "डब्याचा फर्मवेअर अपडेट आलाय, आतलं सॉफ्टवेअर नवं होईल. करू का?"

मी म्हणालो, "आधी जरा वाचून बघू."

बाबांनी जलेबी मोडली. "पैसे लागणार का?"

"नाही."

"फ्री आहे? मग विचारते काय, कर ना!"

डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. हिरवा दिवा लागला. पण त्या दिवसापासून त्याला कसलीच घाई राहिली नाही. एक फोटो मागावा, पाणी पिऊन यावं, खिडकीतून पलासिया चौकाकडचं ट्रॅफिक बघावं, तेव्हा कुठे वरची पट्टी उमटायची.

* * *

पण फोटो वरून खाली हळूहळू उघडायला लागले आणि घराला नवाच नाद लागला. आधी नुसतं आकाश यायचं. मग मांडवाची झालर. मग कोणाचे तरी केस. तेवढ्यात आम्ही त्या लग्नात जाऊन, जेवून, रुसून परत आलेले असायचो. खरं सांगतो, फोटो भराभर उघडायचे तेव्हा मी ते पाहिलेच नव्हते.

एकदा आत्या आली होती. पडद्यावर कपाळ उतरलं तशी ती ओरडली, "हे कपाळ आपल्याच घरचं! थोरल्या दादाचा मोठा पोरगा आहे, शर्त लावते!" मग त्या पोराचं लहानपण निघालं, त्याचं आजारपण निघालं, आत्याचे डोळे भरून आले. आणि फोटो पूर्ण उघडला. तो केटररचा माणूस होता, हातात कचोरीचं ताट घेऊन!

आत्यानं डोळे पुसले. "असू दे. पण कपाळ आपलंच आहे."

* * *

शेवटी शेजारचे गोलू भिया आले. कॉलनीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्याच हातचे. त्यांनी ताप बघावा तसा डब्यावर हात ठेवला.

"भिया, पुराना फर्मवेअर वापस डाल सकते हैं. पर उसमें डिस्क साफ भी हो सकती है. पहले बैकअप ले लो."

"गोलू भिया, हा डबाच बॅकअप आहे," मी म्हणालो. "फोनमधून सगळं इथे टाकलं आणि फोनमधलं उडवलं."

"बैकअप तो वो होता है भिया, जो दूसरी जगह भी हो."

बाबांनी लगेच डबा उचलायला हात घातला. "दूसरी जगह? मग सांगा ना, आतल्या खोलीत ठेवतो!"

हसलो सगळे. पण बाबांनी डब्यावरचा हात काढला नाही. आई गेली त्याला आता काही वर्षं झालीत, आणि तिचा आवाज असलेला एकुलता एक व्हिडिओ त्या डब्यात आहे. तो दुसरीकडे कुठेच नाही.

* * *

गोलू भियांनी नवी हार्ड डिस्क जोडून दिली. पण आधी कॉपी कशाची करायची? मंजू भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिला तिची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स हवी होती, परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून आधी तीच लावली. कॉम्प्युटर सकाळी म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल. संध्याकाळी म्हणाला, उद्या. उद्या उजाडला तर परवा!

बाबा चष्मा लावून पडद्याशी वाकले. "अरे, हा तर आपला टेलर आहे!"

* * *

लेक्चर्सची कॉपी चालू असताना बाबांनी घरात संचारबंदी लावली. मिक्सर नाही, दार आपटायचं नाही, डब्याजवळून चालायचं तर चप्पल काढून. मंजू म्हणाली, "बाबा, त्याला आवाजानं काही होत नाही."

"तुला काय माहीत? अपडेटनंही काही होत नाही, असंच वाटलं होतं ना!"

दुपारी कूलरची घरघर, डब्याचा लुकलुकता दिवा, खुर्चीत डुलक्या घेणारे बाबा. मीही तिथेच सोफ्यावर पडून राहायचो. त्या दुपारी मला फार आवडल्या.

* * *

लेक्चर्स झाली. बाबा म्हणाले, "आता तिचा." गोलू भियांनी बजावलं होतं, कॉपी लावायच्या आधी फाइल एकदा उघडून बघा, नीट आहे की नाही.

त्या व्हिडिओची गंमत अशी की तो फोटो आहे. म्हणजे बाबांच्या हिशेबानं! आजोबा महूला फौजेत होते, त्यामुळे आमच्याकडे फोटो काढून घेताना सावधान उभं राहायची रीत. आणि बाबा फोनवर फोटो समजून हमखास व्हिडिओचं बटण दाबणार. आई व्हरांड्यात नव्या साडीत उभी. बाबांचा आवाज येतो, "हलायचं नाही." ती हलत नाही.

आम्ही तिघं बघत होतो. आई उभीच होती. ना पदर हलला, ना पापणी.

"अटकला," मंजू हळूच म्हणाली. फाइल गेली असेल तर? मी माउसकडे हात नेला. बाबांनी मनगट धरलं. कूलर घरघरत राहिला.

मग आईनं, फोटो बिघडू नये म्हणून ओठ जेमतेम हलवत, विचारलं, "झालं का हो?"

"नाही," खुर्चीतून बाबा म्हणाले. "अजून थोडी थांब."

आई थांबली.