बिनखसखशीचे अनारसे

दिवाळीत खसखशीची पुडी उघडली की मला तो एक दाणा आठवतो. मी दुबईला ताईकडे निघाले होते. आईने तिच्यासाठी अनारसे तळून ठेवले होते, आणि उल्हासनगरला व्हिसाचा कागद हातात देताना एजंट म्हणाले, "बेटा, खसखस मत ले जाना, उधर उसको अफीम मानते हैं, जेल है." घरी सांगितलं, तर आई शिरगावच्या आमच्या गॅलरीत दुपारभर सुई घेऊन बसली आणि प्रत्येक अनारशावरची खसखस तिने टोकरून काढली. "आता एकही दाणा नाही बघ." तिकडे कस्टमच्या रांगेत मी डबा उघडला, तर तुपकट जाळीत एक दाणा अडकलेला. अख्खा डबा मी कचऱ्यात टाकला. बॅग कोणी उघडलीसुद्धा नाही. परत आल्यावर आईने विचारलं, "आवडले तिला?" मी म्हणाले, "खूप. म्हणाली, खसखशीशिवायच छान लागतात." ताईलाही फोनवर तेच बोलायला लावलं. त्यानंतर आईने अनारशांना कधीच खसखस लावली नाही. "ताईला असेच आवडतात," म्हणायची. आई जाऊन तीन दिवाळ्या झाल्या. दरवर्षी मी पुडी आणते, उघडते, आणि अनारसे बिनखसखशीचेच तळते.